काठमांडूला एक सेमिस्टर

काठमांडूच्या एका कॉलेजशी आमच्या भूगोल विभागाचा विद्यार्थी-देवाणघेवाणीचा करार आहे असं सांगितलं, की पुण्यातले पालक बहुतेक वेळा लगेच विचारतात, "आणि जर्मनीशी?" मी त्यांना दोष देत नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकणारी मुलं या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कुणाचा तरी भाचा म्युनिकला, कुणाची मुलगी स्टुटगार्टला. त्यामुळे तिथली वाट माहितीची झाली आहे. काठमांडू मात्र आपल्याला पशुपतिनाथाच्या यात्रेपुरतं माहीत. तिथे शिकायला जायचं, तेही पुण्यातून, हे मनातच येत नाही. ते यावं म्हणून हे लिहायला बसले.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवते आणि कॉलेजचा आंतरराष्ट्रीय कक्षही सांभाळते. माझ्या टेबलाच्या एका बाजूला टोपोशीट, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारे नकाशे, असतात आणि दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेल्या मुलांच्या फायली. बोनाफाईड, व्हिसाची प्रत, मार्कशीट, हॉस्टेलची पावती. या फायली बघता बघता एक गोष्ट मला फार खटकायला लागली. शेजारच्या देशांतून मुलं आपल्याकडे येतात, पण आपली मुलं तिकडे जात नाहीत.

येण्याचा आकडा मोठा आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०१९-२० साली भारतात १६८ देशांतले ४९,३४८ परदेशी विद्यार्थी होते. त्यांतले २८ टक्के एकट्या नेपाळचे. त्याखालोखाल अफगाणिस्तान, बांगलादेश, भूतान. पुण्याला तर हे नवीनच नाही. इराणी, अफगाण, मॉरिशसची, आफ्रिकेतली मुलं इथल्या पेठांनी आणि कॅम्पानं कधीपासून पाहिली आहेत. थेरवादी बौद्ध देशांतले भिक्षू पाली-संस्कृतसाठी येतात. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण आपण नुसते यजमान होऊन बसलो, तर आपल्या मुलांना त्यातून काय मिळालं? वर्गात एक नेपाळी मित्र आणि दिवाळीत त्याला एकदा घरी जेवण. तेवढ्यावर मी समाधानी नाही.

शेजारीच का, याचं माझ्यापुरतं उत्तर दोन तारखांमध्ये आहे.

३० जुलै २०१४ ला सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. १५१ माणसं गेली. गावाकडे निघालेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा बाहेर बातमी कळली. पुणे जिल्ह्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण त्यानंतर तीनच दिवसांनी, २ ऑगस्टला पहाटे, नेपाळच्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यात जुरे इथे डोंगर कोसळला आणि १५६ माणसं गेली, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? त्या दरडीनं सुनकोशी नदी अडली, मागे तलाव साठला, काठमांडूहून चीनच्या हद्दीकडे जाणारा अरनिको महामार्ग पाण्याखाली गेला. तो बांध एकदम फुटला तर पाणी कोसीतून बिहारमध्ये उतरणार म्हणून आपल्या बाजूला गावं रिकामी करायची धावपळ झाली. एकाच आठवड्यात, एकाच मान्सूनमध्ये दोन डोंगर खाली आले. दोन्हीकडे उतारावरची शेती, दोन्हीकडे पायथ्याला वस्ती. खडक वेगळा, उताराचा इतिहास वेगळा, पण गावकऱ्यांपुढचा प्रश्न तोच. डोंगर हलायला लागलाय हे आधी कसं कळणार, आणि कळलं तर कुणाला सांगायचं?

आल्प्समधल्या दरडींवर युरोपात उत्तम काम आहे, ते मी वर्गात शिकवते. पण तिथे एका उतारावर जेवढी यंत्रं बसवतात, तेवढ्या खर्चात आपल्या एखाद्या तालुक्याचं वर्षाचं काम निघेल. नेपाळात त्याच कामाला आपल्यासारखेच तुटपुंजे पैसे असतात. म्हणून तिथे काय चालतं आणि काय फसतं, ते आपल्या मुलांनी बघितलं पाहिजे.

आमची एक विद्यार्थिनी गेली होती. आंबेगावचीच, माळीण घडलं तेव्हा प्राथमिक शाळेत होती. तिनं एमएच्या तिसऱ्या सेमिस्टरला काठमांडू घेतलं. फील्डवर्क सिंधुपाल्चोकमध्ये. तिकडून तिनं पाठवलेला एक फोटो मी अजूनही पहिल्या वर्षाच्या वर्गाला दाखवते. मक्याच्या पायरीच्या शेतात एक भेग, भेगेच्या दोन्ही बाजूंना ठोकलेल्या बांबूच्या दोन खुंट्या, आणि त्यांच्यामध्ये शिंप्याकडे असतो तसला पिवळा टेप धरून बसलेली एक बाई. पावसाळ्यात ती रोज सकाळी दोन खुंट्यांमधलं अंतर मोजते आणि वहीत लिहिते. ठरवलेल्या मापापेक्षा अंतर वाढलं, की वॉर्डाच्या ऑफिसला फोन आणि खालच्या घरांना निरोप. वहीत तारीख, अंतर आणि शेवटच्या रकान्यात "पाऊस होता / नव्हता". बस. आमच्या मुलीनं त्या वहीची पानंच्या पानं उतरवून घेतली. कुठल्या दिवशी नोंद चुकली, का चुकली, हेही विचारलं. त्या बाई भातलावणीला जायच्या तेव्हा नोंद राहायची, म्हणून मग गटानं पाळी लावली.

हे गटाचं काम तिकडे मुरलेलं आहे. नेपाळात १९९३ च्या वन कायद्यानं गावांच्या गटांना जंगल सांभाळायला दिलं. आज असे वीस हजारांहून जास्त गट आहेत. त्यांना बैठक घ्यायची, ठराव लिहायचा, पाळ्या लावायच्या सवयी आधीच आहेत. म्हणून भेग मोजायची पाळी लावणं त्यांना जड गेलं नाही. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत येते. ती कळायला मात्र त्या गावात महिनाभर राहावं लागतं. मुलगी परत आली, तिनं प्रबंध लिहिला, आणि मग स्वतःच्या गावच्या सरपंचांना घेऊन वाडीच्या वरच्या उतारावर खुंट्या ठोकल्या. तिथली वही अंगणवाडीच्या ताई सांभाळतात. माळीणनंतर तळिये झालं, इर्शाळवाडी झाली. अशी प्रत्येक वही मला मोलाची वाटते.

तिकडून आमच्याकडे आला होता तो मुलगा नेपाळच्या दोलखा जिल्ह्यातला. त्याला मी पहिल्याच आठवड्यात खडकवासल्याला नेलं. १८७९ चं धरण, त्याचा दगडी बांध, सगळं त्यानं बघितलं. परत येताना आम्ही विठ्ठलवाडीपाशी मुठा नदीत उतरलो. त्यानं पात्राकडे बघितलं आणि विचारलं, "म्याम, धरणात एवढं पाणी आहे, मग नदीत कुठे आहे?" मग त्याला कालवा दाखवला. सिंहगड रोडच्या मागून, पर्वतीच्या पायथ्यानं, स्वारगेटकडून हडपसरच्या दिशेनं गेलेला. आपण पुणेकर त्या कालव्याकडेनं रोज जातो, पण मुठेचं पाणी कालव्यानं जातं आणि नदीत उरतं ते आपलं सांडपाणी, हे आपल्या डोळ्यांना इतकं सरावलंय की दिसतच नाही. पावसाळा सरला तरी नदी वाहत असते, अशा गावातून आलेल्या मुलाला ते पहिल्या दिवशी दिसलं. वर्गातली पुण्याची मुलं त्या दिवसानंतर मुठेबद्दल वेगळं बोलायला लागली.

पुढे तो हिवरे बाजारला गेला. पडलेला पाऊस मोजायचा, गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर पीक ठरवायचं, ही तिथली रीत त्याला शिकायची होती. कारण त्याच्या डोंगरातले झरे आटत चालले आहेत. हिमालयाच्या मधल्या डोंगररांगांत हा प्रश्न सगळीकडेच आहे. आणि गंमत वाटावी अशी खरी गोष्ट म्हणजे हिमालयातल्या झऱ्यांवर काम करणारी एक नावाजलेली संस्था, अॅक्वाडॅम, आपल्या पुण्यातली. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये भूजल शोधता शोधता त्यांनी जे शास्त्र कमावलं, ते सिक्कीमच्या धारांपर्यंत, म्हणजे झऱ्यांपर्यंत, गेलं. त्या मुलाला हे कळल्यावर तो दोन दिवस खूश होता. आपल्या डोंगरातल्या पाण्याचं कोडं पुण्यात सुटायला लागलंय, हे त्याला खरंच वाटत नव्हतं.

आता करारांबद्दल. एमओयूवर सह्या होतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतो. तो दिवस सोपा. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते सगळं परीक्षा विभागात असतं.

गुणांचंच घ्या. बांगलादेशच्या विद्यापीठांमध्ये श्रेणी चारपैकी असते. तिथे ८० आणि वर म्हणजे ए प्लस, पूर्ण ४. साधारण ६५ ते ७० म्हणजे बी प्लस, ३.२५. आपल्याकडे यूजीसीची पट्टी दहाची, त्यात बी प्लस म्हणजे ७. तिथल्या राजशाही शहरातली एक मुलगी आमच्याकडे एक सेमिस्टर शिकून गेली, एका विषयात तिला ७ मिळाले. परत गेल्यावर तिकडच्या परीक्षा विभागानं सरळ अडीचनं भागलं. उत्तर २.८. तिकडे २.७५ म्हणजे बी मायनस, ५५ ते ६० गुणांचा गट. म्हणजे इथला बी प्लस तिथे पोचेपर्यंत बी मायनस झाला. हेच उलट करून बघा. तिथला ३.२५ अडीचनं गुणला की ८.१ होतो, म्हणजे आपल्याकडचा ए. एकीचं नुकसान, दुसऱ्याचा फायदा, आणि अभ्यास दोघांनी सारखाच केलेला. तिची शिष्यवृत्ती त्या गुणांवर अवलंबून होती. आम्ही लिहिलेल्या पत्रांचा उपयोग झाला, पण व्हायला फार वेळ लागला, आणि तो सगळा वेळ ती पोर काळजीत होती.

यावर उपाय आहे आणि तो युरोपानं करून दाखवला आहे. दोन्ही विभागांनी आपापल्या गेल्या काही वर्षांच्या निकालांचे तक्ते समोरासमोर ठेवायचे. तुमच्याकडे वरच्या दहा टक्के मुलांना कोणती श्रेणी मिळते, आमच्याकडे कोणती, त्याखालच्या पंचवीस टक्क्यांना कोणती. मग वर्गातल्या स्थानावरून श्रेणी लावायची. गुणाकार-भागाकार नाहीच. काठमांडूच्या कॉलेजाबरोबर आम्ही हे करारातच लिहून घेतलं, मुलं निघायच्या आधी. तो तक्ता एका पानाचा आहे. माझ्या मते त्या फायलीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान तेच, सह्यांचं पान त्यानंतर.

दुसरं कॅलेंडर. नेपाळात शनिवारी सुट्टी, रविवारी कॉलेज. दशैंला, म्हणजे तिकडच्या दसऱ्याला, जवळजवळ पंधरा दिवस सगळं बंद. आपल्याकडे त्या सुमारास इंटरनल परीक्षा येतात. दोलखाच्या मुलानं पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, दसऱ्याला किती दिवस सुट्टी? एक दिवस म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. आम्ही त्याच्या इंटरनल पुढे घेतल्या आणि त्याला घरी पाठवला. त्याच सुट्टीत आमची मुलगी तिकडे एका मैत्रिणीच्या घरी राहिली. आजीनं तिला दही-तांदळाचा टिका लावला आणि घटातले जवाचे पिवळे अंकुर केसांत खोवले. तिनं फोन करून सांगितलं, "मॅडम, आमचे आजोबा दसऱ्याला टोपीत खोवतात ना घटातलं धान, तसंच अगदी!" घरापासून इतक्या लांब असलेली मुलगी त्या दिवशी किती आनंदात बोलत होती, ते मी विसरणार नाही.

तिसरी राहायची सोय. नेपाळी मुलांना भारतात व्हिसा लागत नाही, त्यामुळे त्यांचं तसं सोपं. बांगलादेशी किंवा श्रीलंकेच्या मुलाला घर देणाऱ्या मालकाला परदेशी माणूस राहायला आल्याची माहिती देणारा सरकारी फॉर्म (आधीचा फॉर्म-सी) भरावा लागतो, तोही मुलगा आल्यापासून चोवीस तासांत, ऑनलाइन. कोथरूड-कर्वेनगरच्या घरमालक काकूंना पोलिसांचं नाव ऐकलं की धडकी भरते आणि त्या मुलाला नकोच म्हणतात. मी आता स्वतः जाते. त्यांच्याच टेबलावर लॅपटॉप ठेवून फॉर्म भरून दाखवते. एकदा भरला की पुढच्या वर्षी त्या आपण होऊन विचारतात, यंदा कुणी आहे का?

फीबद्दल फार लिहीत नाही. नियम एकच हवा. फी आपापल्या कॉलेजात भरायची, यजमानानं घ्यायची नाही. जितके आले तितके गेले की हिशेब बरोबर. पण त्यासाठी आपलीही मुलं जायला हवीत. ती गेली नाहीत, तर समोरचं कॉलेज किती वर्षं त्यांची मुलं इकडे फुकट पाठवत राहील आणि आपण किती वर्षं घेत राहू?

युरोपातल्या इरॅस्मस या विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या योजनेची सुरुवात १९८७ मध्ये ११ देशांत झाली आणि पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी गेले. ज्या देशांनी एकमेकांच्या शहरांवर बॉम्ब टाकले होते, त्यांचीच मुलं. आपल्याकडेही प्रयत्न झाले. सार्कच्या आठ देशांचं साउथ एशियन युनिव्हर्सिटी २०१० मध्ये दिल्लीत सुरू झालं. आणि त्याच्याही आधी आपली विद्यापीठं एकमेकांत गुंतलेलीच होती. काठमांडूचं त्रिचंद्र कॉलेज १९१८ चं, त्याच्या परीक्षा आधी कलकत्ता आणि मग पाटणा विद्यापीठ घ्यायचं. १९५९ मध्ये त्रिभुवन विद्यापीठ निघालं तेव्हा नेपाळला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. भूतानच्या शेरुब्त्से कॉलेजच्या पदव्या कित्येक वर्षं दिल्ली विद्यापीठाच्या होत्या.

पुण्याला तर आणखी जवळचं उदाहरण आहे. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी गोव्याहून पुण्यात आले, डॉ. भांडारकरांना भेटले, पण बौद्ध धर्म मुळातून शिकायचा म्हणून नेपाळला गेले. तिथे हवं ते मिळालं नाही, तर पुढे श्रीलंकेला गेले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात, म्हणजे भिक्षूंच्या विद्यालयात, सुमंगल महाथेरांच्या हाताखाली पाली शिकले, मग ब्रह्मदेशात राहिले. १९१२ पासून त्यांनी फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली, आणि तिथे पु. वि. बापटांसारखे विद्यार्थी घडले. या शहरातल्या पालीच्या अभ्यासाचं मूळ असं शेजाऱ्याच्या दारात आहे. कोसंबींकडे शिष्यवृत्ती नव्हती, क्रेडिट ट्रान्सफर नव्हतं. आपल्या मुलांना आज हे सगळं देता येतं, आणि तरी आपण देत नाही, याचं मला वाईट वाटतं.

नियमही कधी कधी आडवे येतात. यूजीसीनं २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांबरोबर ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल डिग्रीची वाट मोकळी केली, पण समोरचं विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात हवं. शेजारची फार थोडी विद्यापीठं त्यात बसतात. ती अट संयुक्त पदव्यांची आहे, एका सेमिस्टरच्या देवाणघेवाणीची नाही. पण कमिटीत कुणीतरी क्रमवारीचा कागद काढतोच, आणि काठमांडूचं नाव तिथेच खाली जातं. सिंधुपाल्चोकची ती वही कुठल्याच क्रमवारीत मोजली जात नाही, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते. राजकारण तर आहेच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ढाक्यात सत्तापालट झाला, भारतीय व्हिसाचं काम आखडलं, आणि आमच्याकडे यायला निघालेल्या मुलांच्या फायली तशाच राहिल्या. २०२१ मध्ये काबूल पडल्यावर पुण्यातली अफगाण मुलं घरचे पैसे थांबल्यामुळे अडकली होती. सरकारं बदलतात, तेव्हा विद्यापीठांमधले मोठमोठे करार लगेच थिजतात. दोन विभागांमध्ये ओळख असली तर निदान फोन तरी चालू राहतो. राजशाहीची ती मुलगी आणि मी अजून एकमेकींना सॅटेलाइट इमेज पाठवतो. पद्मा नदीतली वाळूची बेटं कुठे सरकली, भीमेचं पात्र कुठे वाळूउपशानं खचलं.

म्हणून माझा आग्रह लहान करारांचा आहे. विद्यापीठ ते विद्यापीठ नको, विभाग ते विभाग. दर सेमिस्टरला इकडून दोन, तिकडून दोन. कोणते पेपर तिकडे केले तर इकडे धरणार, हे बोर्ड ऑफ स्टडीजकडून आधीच मंजूर. मराठी विभागानं, समाजशास्त्रानं, नर्सिंगवाल्यांनी, शेतीवाल्यांनी आपापला शेजारी शोधावा. तक्ता कसा करायचा, ते मी शिकवायला तयार आहे.

यंदा काठमांडूसाठी आमच्या दोन जागा आहेत. एक भरली, इंदापूरचा मुलगा चाललाय. दुसरी रिकामी आहे. आमच्या कॉलेजात एमए भूगोलाच्या दुसऱ्या सेमिस्टरला असाल तर विभागात येऊन भेटा. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्रावर जाता येतं. पुण्याहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून बसनं सुनौली, सीमा चालत ओलांडायची आणि पलीकडे भैरहवाहून काठमांडूची बस. आपला एक रुपया म्हणजे तिकडचा एक रुपया साठ पैसे, हा दर कायम असतो, त्यामुळे घरी हिशेब सांगायला सोपं. हॉस्टेल आणि मेस ठरलेलं आहे. आई-बाबांना काही विचारायचं असेल तर त्यांना सोबत घेऊन या, शनिवारी दुपारी मी विभागातच असते.